ताब्याच्या लढाईत 'मित्र' खरेदीदार आला, तर लहान भागधारकाने काय करावे?

कोथरूडचा भागधारक:
नमस्कार. वडिलांनी पूर्वी घेतलेले पिंपरीतील एका यंत्रनिर्मिती कंपनीचे शेअर आमच्याकडे आहेत. प्रवर्तकांचा (कंपनी स्थापून चालवणाऱ्यांचा) हिस्सा कमी असल्याने बाहेरच्या एका समूहाने २५ टक्क्यांची मर्यादा ओलांडून आणखी २६ टक्क्यांसाठी खुली ऑफर, म्हणजे इतर भागधारकांचे शेअर ठरावीक भावाने विकत घेण्याचा प्रस्ताव, जाहीर केली आहे आणि प्रवर्तक आता व्हाइट नाइट, म्हणजे नको असलेल्या खरेदीदाराला अडवायला येणारा मित्र खरेदीदार, शोधत आहेत, असे ऐकतो. असा मित्र आल्यास आमचे हित साधते का? वडील म्हणतात, शेअर देऊन मोकळे व्हावे.

सदाशिवपेठकर:
घाई करू नका. सेबी या बाजार नियामकाच्या २०११च्या नियमांनुसार पहिल्या बोलीचे सविस्तर निवेदन प्रसिद्ध झाल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत प्रतिस्पर्धी बोली लावता येते आणि भावही वाढवता येतो. मात्र ऑफरमध्ये एकदा दिलेले शेअर मागे घेता येत नाहीत. स्वतंत्र संचालकांच्या समितीची सकारण शिफारस प्रसिद्ध होईल, ती वडिलांसोबत बसून वाचा.

जुना गुंतवणूकदार, औंध:
मित्र हाही खरेदीदारच असतो. २००० साली अभिषेक दालमिया यांनी गेस्को कॉर्पोरेशन या बांधकाम क्षेत्रातील कंपनीसाठी शेअरमागे २३ रुपयांची बोली लावली, तेव्हा तिच्या प्रवर्तक शेठ कुटुंबाच्या मदतीला महिंद्रा समूह धावून आला. चढाओढीनंतर दालमियांचा हिस्सा ५४ रुपयांनी विकत घेऊन वाद मिटवण्यात आला, पण कंपनी पुढे महिंद्रांकडे गेली. आजची महिंद्रा लाइफस्पेस ती हीच. भाव वाढला तो दोन खरेदीदार समोरासमोर आल्यामुळे, असे माझे ठाम मत आहे.

सीए, डेक्कन:
मित्र मिळेलच असेही नाही. २०१९मध्ये लार्सन अँड टुब्रोने माइंडट्री या आयटी कंपनीतील व्ही. जी. सिद्धार्थ या मोठ्या भागधारकाचा सुमारे २० टक्के हिस्सा ९८० रुपये भावाने घेतला आणि तिच्यासाठी खुली ऑफर आणली. संस्थापकांकडे जेमतेम १३ टक्के शेअर होते, संचालक मंडळाने बायबॅकचा (कंपनीनेच आपले शेअर परत विकत घेण्याचा) विचार सोडला आणि प्रतिस्पर्धी बोली आलीच नाही. अशी बोली लावणाऱ्याला पहिल्याचा हिस्सा आणि त्याची ऑफर यांच्या बेरजेइतका हिस्सा घेण्याची तयारी दाखवावी लागते, शिवाय ऑफरच्या काळात कंपनीला भागधारकांच्या विशेष ठरावाशिवाय मोठी मालमत्ता विकता येत नाही. त्यामुळे मदतीला येणाऱ्याची थैली खरोखरच मोठी असावी लागते. तुमच्या प्रवर्तकांचे किती शेअर कर्जासाठी तारण आहेत, हे शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर आधी पाहा. तारण मोठे असेल, तर वाटाघाटीत त्यांचे फारसे चालणार नाही.