पहिल्यांदा समकालीन कलासंग्रहालयात गेलात तेव्हा काय केलंत? (अनुभव धागा)

शाईचा डाग

भाची अकरावीत आहे. कॉलेजनं मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जाऊन दोन पानं लिहून आणायला सांगितली होती. रविवारी जाऊन आली, पाय धुतले, चहा घेतला आणि म्हणाली, "मावशी, मला काही कळलं नाही. पण दोन तास कसे गेले तेही कळलं नाही. आता दोन पानं काय लिहू?"

मलाही सुचेना, म्हणून हा धागा. अट एकच. चित्राचा अर्थ सांगू नका, तो गूगलवर मिळतो. शिकत असताना पहिल्यांदा अशा ठिकाणी गेलात तेव्हा तुम्ही काय केलंत, कुठे थबकलात, कोणाला फोन लावलात, कशावर वैतागलात, तेवढं लिहा.

सुरुवात माझ्यापासून. १९९८ चा जुलै, रीगल सिनेमापाशी धो धो पाऊस. आडोसा म्हणून त्याच इमारतीत शिरले. बाहेरून जुनं दगडी सभागृह, सर कावसजी जहांगीर हॉल, १९११ सालचं. समोरचं म्युझियम आणि गेटवे ज्यानं आखलं त्याच विटेटचं काम. आजोबा तिथे गाणं ऐकायला जायचे. १९९६ मध्ये आतून सगळं बदलून संग्रहालय उघडलं होतं हे मला माहीतही नव्हतं. आत अर्धगोल मजले एकावर एक, जिना फिरत फिरत वर जातो, आणि शेवटी डोक्यावर घुमट.

डोंबिवलीच्या आमच्या घरात भिंतीवर कॅलेंडर आणि गणपती, बाकी खुंट्या. त्यामुळे मी मुळात बावरलेली, त्यात बुटात पाणी. एकेक पाऊल टाकलं की पचक्, आणि तो पचक् घुमटापर्यंत जाऊन परत यायचा. पहारेकरी काका मान वळवून बघायचे. शेवटी एका मोठ्या चित्रासमोर उभीच राहिले. आवडलं म्हणून नाही, बूट वाजू नयेत म्हणून. दहाएक मिनिटं तरी. पहिल्यांदा दिसला तो नुसता काळा पट्टा. बऱ्याच वेळानं त्यात निळं आहे हे दिसलं. आधी ते कसं दिसलं नाही म्हणून दोन पावलं मागे गेले. पचक्, पचक्. चित्रकाराचं नाव वाचायचं राहूनच गेलं. आजही माहीत नाही.

कराडकर_८८

माझा अनुभव लंडनचा. लांबेल, सांभाळून घ्या.

आमची वीटभट्टी आहे. आजोबांपासूनची, नदीच्या गाळाच्या मातीवर चाललेली. मी सिव्हिल केलं आणि २०१६ ला मास्टर्सला तिकडे गेलो. पहिल्या महिन्यात पाउंडाचे रुपये करून करून जीव मेटाकुटीला आलेला, त्यामुळे जिथे फुकट प्रवेश तिथे मी. टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाचा कायमचा संग्रह फुकट बघता येतो, एवढ्या एका गुणावर तिथे गेलो. ते पूर्वीचं वीजकेंद्र. जिथे टर्बाइनं होती ते दालन ३५ मीटर उंच आहे. आमच्या साखर कारखान्याचं बॉयलर हाऊस आठवलं, तेव्हा इथवर सगळं ओळखीचं होतं.

मग एका खोलीत जमिनीवर विटा.

कार्ल आंद्रे या अमेरिकन शिल्पकाराचं काम, 'इक्विव्हॅलंट आठ', १९६६. १२० फायर ब्रिक, दोन थर, सहा बाय दहा. चुना नाही, सिमेंट नाही, नुसत्या ठेवलेल्या. आधी हसू आलं, मग राग आला. राग कशाचा ते नीट सांगतो. आमच्याकडे हजार विटांमागे भाव ठरतो आणि गिऱ्हाईक त्यातही घासाघीस करतं. पावसाळ्याच्या तोंडावर वळीव आला की कच्चा माल झाकायला रात्री दोन वाजता घरादारानं धावायचं. आणि इथे शंभर-सव्वाशे विटा एसीत, वर दिवे, भोवती माणसं गप्प.

तिथूनच व्हॉट्सॲपवर आबांना फोन लावला. आमचं बोलणं साधारण असं झालं:

"आबा, हितं म्युझियममध्ये विटा ठेवल्यात."

"कसल्या?"

"फायर ब्रिक. कारखान्याच्या बॉयलरला असतात तसल्या, पिवळट."

"रचल्यात कशा? फोटो धाड."

धाडला. आबांनी तो मोठा करून बघितला असणार, कारण बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सांधेमोड न्हाई की रं."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भिंत बांधताना खालच्या थराचा सांधा वरच्या विटेनं झाकायचा असतो, नाहीतर भिंत फाटते. त्याला सांधेमोड म्हणतात. इथे वीट बरोब्बर विटेवर, सांध्यावर सांधा.

"मग ती भिंत न्हवं. थप्पी हाय ती. इकायला ठेवल्यागत." आणि थोडं थांबून, "पर कोरा लई चांगल्या हायेत."

मी चार वर्षं सिव्हिल शिकून ते बघितलं नव्हतं. परत जाऊन बघितलं तर खरंच, त्यातलं काहीच कशाला धरून नव्हतं. कोणीही एक वीट उचलू शकलं असतं. मला तोवर ती अर्धवट भिंत वाटत होती, म्हणून तर राग आला होता.

नंतर वाचलं ते आणखी भारी. आंद्रेनं पहिल्यांदा मांडल्या तेव्हा त्या विकल्या गेल्या नाहीत, म्हणून विटा कारखान्याला परत करून टाकल्या. १९७२ मध्ये टेटनं हे काम विकत घ्यायचं ठरवलं तोवर तो कारखानाच बंद पडलेला. मग दुसरीकडून विटा आणल्या. १९७६ मध्ये वर्तमानपत्रांनी 'जनतेच्या पैशातून विटा' म्हणून रान उठवलं आणि कोणीतरी त्यांच्यावर निळा रंगही ओतला. आबांना सगळं सांगितलं. त्यांना फक्त कारखाना बंद पडल्याचं वाईट वाटलं.

पॅरिस_रिटर्न

मी धागाकर्तीची निराशा करणार. पॅरिसचं पाँपिदू सेंटर, म्हणजे तिथलं आधुनिक कलेचं संग्रहालय, सेमिस्टर एक्स्चेंज, सोबत उत्साही मैत्रीण. मला आतल्या चित्रांनी कंटाळा आला. अगदी प्रामाणिक, पाय दुखणारा कंटाळा. एका पूर्ण पांढऱ्या कॅनव्हाससमोर मैत्रीण "वॉव" म्हणाली तेव्हा मी घड्याळ बघत होतो.

पण मी मेकॅनिकलवाला. ती १९७७ ची इमारत आपली आतडी बाहेर लावून उभी आहे. निळे पाइप हवेचे, हिरवे पाण्याचे, पिवळे विजेचे, माणसं वर नेणारं सगळं लाल. बाहेरच्या काचेच्या नळीतल्या सरकत्या जिन्यानं मी चार वेळा वर-खाली केलं. आता डागडुजीसाठी ती काही वर्षं बंद आहे. बाकीच्यांनी हळहळावं, मला जिन्याचं वाईट वाटतं.

चित्रकलेच्या_तासाला

ग्रामीण मराठवाड्यात चित्रकला शिक्षक आहे. इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा दिलेली अकरा मुलं घेऊन पहाटेच्या गाडीनं मुंबई गाठली. दोन महिने वर्गणी काढत होतो. रझा, हुसेन, सूझा, आरा, बाकरे, गाडे, १९४७ चा कलावंतांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप मुलांना तोंडपाठ करून नेलेला. त्यातले गाडे आपल्या अमरावती जिल्ह्यातले म्हणून पोरांना विशेष जिव्हाळा.

दार बंद. सोमवार होता.

चूक माझीच, सुट्टीचा वार बघितला नव्हता. मग जहांगीर आर्ट गॅलरीबाहेरच्या फुटपाथवर चित्रकार बसतात तिथे मुलांना घेऊन गेलो. तिथल्या एकानं आमच्या एका मुलीचं पोर्ट्रेट काढलं आणि पैसे घेतले नाहीत. गावाकडे ते अजून तिच्या घरी फ्रेममध्ये आहे. संग्रहालय त्या मुलांनी आजतागायत पाहिलेलं नाही, निदान माझ्यासोबत तरी. @शाईचा डाग, भाचीला वार विचारून जायची सवय लावा.

घासलेली_कळशी

दिल्ली, २०१३. यूपीएससीची तयारी. माझ्या 'आर्ट अँड कल्चर'च्या नोट्स प्रोग्रेसिव्ह ग्रुपपाशी संपायच्या, म्हणजे त्यानंतरचा चित्रकार एकही नाही. साकेतला किरण नादर संग्रहालय फुकट आहे म्हणून रूम पार्टनरनं ओढून नेलं. ते मॉलला लागून आहे, आणि आम्ही आधी मॉलमध्येच चुकलो.

तिथे मधल्या मोकळ्या जागेत भांडी. म्हणजे अणुबॉम्ब फुटल्यावर उठतो तसा ढग, सगळा स्टीलच्या भांड्यांचा. पातेली, डबे, ताटं, तांबे. सुबोध गुप्तांचं 'लाइन ऑफ कंट्रोल'. सगळे मान वर करून फोटो काढत होते. मी काय केलं असेल? भांड्यांवर नावं शोधली.

आमच्याकडे प्रत्येक भांड्यावर नाव आणि तारीख घातलेली असते. 'चि. सौ. कां. ... हिस मामाकडून'. आई बोहारणीकडून घेतलेल्या डब्यावरसुद्धा नाव घालून आणायची, नाहीतर शेजारी गेलेला डबा परत येत नाही. खालच्या बाजूची भांडी मी एकेक करून निरखली. एकावरही नाव नाही. इतकी भांडी आणि कोणाचीच नाहीत. माझ्या पोटात तेव्हा कुठे काहीतरी हललं, बॉम्बच्या आकारानं नव्हे.

मग आत खरं संग्रहालयही बघितलं. त्यातलं फारसं आठवत नाही. परीक्षेचं विचारू नका.

तिसरा_डबा

@कळशी, 'कोणाचीच नाहीत' वाचून थांबले जरा. माझा अनुभव म्हणजे संग्रहालय नाही, कोचीचं बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन. चालेल ना?

आर्किटेक्चरचं तिसरं वर्ष, कॉलेजची ट्रिप, २०१७ चा जानेवारी. फोर्ट कोचीत ॲस्पिनवॉल हाऊस म्हणून जुनी गोदामं आहेत, त्यातल्या एका लांबलचक दालनात समुद्राचं पाणी भरलेलं. राऊल झुरिता या चिलीच्या कवीचं काम. पाण्यातून चालत टोकाच्या भिंतीपर्यंत जायचं आणि तिथे लिहिलेलं वाचायचं. माझी जीन्स इतकी घट्ट की पोटरीवर चढेना. त्यामुळे मी काठावर बसले आणि वर्गातल्या आठ जणांच्या चपला, सॅक, मोबाइल सांभाळले. गोंधळ घालत पाण्यात उतरलेली ही मंडळी परत येताना मात्र एकेकटी येत होती. एकजण माझ्याकडून मोबाइल घ्यायचा विसरून तसाच बाहेर गेला. काय आहे तिकडे, विचारलं तर म्हणे, "जाऊन ये."

बंद व्हायच्या आधी दहा मिनिटं मी जीन्ससकट गेले. पाणी कोमट होतं. टोकाला गालिप कुर्दीबद्दल लिहिलेलं. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या लाल शर्टातल्या लहानग्याचा, आयलानचा, फोटो सगळ्या जगानं पाहिला. गालिप त्याचा भाऊ. तोही त्याच रात्री बुडाला, त्याचा तसा फोटो नाही. ते वाचलं, आणि मग लक्षात आलं की परतही याच पाण्यातून जायचंय.

रात्री गाडीत जीन्स वाळली तेव्हा गुडघ्याखाली मिठाची पांढरी रेघ उमटली होती. घरी आईनं दोनदा भिजवली तेव्हा गेली.

नागावचा_समीर

छोटंसं. अलिबागकडचा कोळी, होडी रंगवत मोठा झालो. २०१९ ला मुंबईत शिकत होतो तेव्हा धागाकर्तीनं सांगितलंय त्याच घुमटाखाली प्रभाकर बरव्यांचं मोठं प्रदर्शन लागलं होतं. बरवे जन्मानं आमच्या नागावचे, तेवढ्यासाठी गेलो. पान, घड्याळ, किल्ली अशा साध्या वस्तू, मधे भरपूर मोकळी जागा. पाटीवर लिहिलेलं, 'कॅनव्हासवर एनॅमल'.

एनॅमल म्हणजे आपला डब्यातला ऑइलपेंट हो! होडीला लावतो तोच. मी चित्राला नाक लावायला गेलो तर पहारेकऱ्यानं हटकलं. मग तिरका उभा राहून उजेडात बघत बसलो, कारण हा रंग जाड लागला की सुरकुततो आणि पातळ केला की ओघळतो, आणि आमच्या होडीवर दरवर्षी दोन्ही होतं. बरव्यांनी कुठे चुकलंय का, हेच दीड तास शोधलं. एका ठिकाणी सापडलं असं वाटतं, पण कुठल्या चित्रात ते सांगणार नाही. गाववाले आहेत.

शाईचा डाग

वा! भाचीला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणते, तिनं तिथे पूर्ण वेळ एका शाळकरी मुलाच्या मागे मागे फिरून तो कुठे थांबतो ते बघितलं. आता तेच लिहितेय.

@कराडकर, आबांना विटा प्रत्यक्ष दाखवल्या का?

कराडकर_८८

पदवीदानाला आबा आणि आई आले होते. आबा विमानातून उतरल्यापासून 'ती थप्पी कुठाय' म्हणत होते. गेलो, तर विटा तिथे नाहीत. अशा ठिकाणी मांडणी बदलत असते, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. आबांचं तोंड उतरलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर आलो. आई बाकावर बसली. आबा आपले इमारतीकडे बघत उभे. ते जुनं वीजकेंद्र अख्खं विटांचं आहे, ४२ लाख विटा लागल्यात त्याला. मागच्या बाजूला २०१६ मध्ये नवा मनोरा जोडलाय, त्याला ३ लाख ३६ हजार विटा, आणि त्या मधे फटी सोडून जाळीसारख्या रचल्यात. आतला उजेड त्यातून बाहेर पाझरतो. आबा जवळ गेले, इकडे तिकडे बघितलं, कोणी हटकत नाही म्हटल्यावर तळवा टेकवला आणि भिंतीच्या कडेकडेनं चालत सुटले. मी आईजवळ बॅगा ठेवून त्यांच्या मागे.

"हितं सांधेमोड केलीया," म्हणाले.