पिल्लू दिसेल ते चघळतंय, अंगणातली कोणती झाडं काढू?

मळेकरी_तासगाव
चार महिन्यांचं कारवानी कुत्र्याचं पिल्लू आहे, वजन ८ किलो. कुंपणाला कण्हेर आणि बिट्टी, ओट्यावर मनीप्लांट, कुंडीत सायकस. मागं द्राक्षबाग, तिला लागून बेदाण्याचं शेड. काय काढायचं, काय राहू दिलं तरी चालेल?

कुंडीवाली_मिरज
सायकस आजच हलवा. नर्सरीवाले पाम म्हणून विकतात, पण तो पाम नव्हेच. पान, मूळ, बी सगळं विषारी, त्यात बी सर्वांत वाईट. आधी उलट्या, मग दोन-तीन दिवसांत यकृत बिघडतं, हिरड्या आणि डोळे पिवळे पडतात. शोभाच हवी तर अरेका पाम लावा, तो बाधत नाही.

कण्हेर-बिट्टीचं विष थेट हृदयाचे ठोके बिघडवतं. हिरवं पान कडू म्हणून कुत्रा सहसा थुंकतो, घात होतो तो छाटणीच्या ढिगानं. पाला वाळला तरी विष कायम राहतं. छाटलेलं त्याच दिवशी लांब नेऊन पुरा, जाळू नका. आणि कण्हेरीची काठी फेकून कुत्र्याला कधी आणायला लावू नका!

मनीप्लांट उंच टांगा, पुरे. चघळलं तर तोंड झोंबतं, लाळ गळते. पाण्यानं तोंड धुवायचं. जिवावर सहसा बेतत नाही.

बागायत_विटा
कुंपणापेक्षा मागची बाजू बघा. द्राक्ष आणि बेदाणा दोन्ही कुत्र्याच्या किडनीला घातक. साधारण ४ किलो द्राक्षाचा १ किलो बेदाणा होतो, म्हणजे मूठभर बेदाण्यात किती गेलं बघा. किती खाल्लं तर चालतं याचा हिशेब नाही, एखाद्याला पचतं, दुसऱ्याची किडनी तेवढ्यातच बसते. पहिल्या दिवसात उलट्या, सुस्ती, पुढच्या एक-दोन दिवसांत लघवी कमी होते. लघवी थांबेपर्यंत वाट बघू नका. बेदाणा वाळवायच्या जाळीखाली गळालेले मणी रोज झाडायचे आणि शेडला खालून दोन-अडीच फूट जाळी मारायची.

दुसरं, एरंडीची पेंड. बागेत टाकता का? तेल काढलं तरी रायसिन, म्हणजे एरंडीच्या बीतलं विष, पेंडीतच उरतं, नीट तापवलेली नसेल तर फार घातक. हाडांचा चुरा मिसळला असेल तर वासानं कुत्रा ती उकरून खातो. त्रास सहा तासांनी किंवा दुसऱ्या दिवशीही सुरू होतो, त्यामुळं पेंडीवर संशयच जात नाही. चर काढून टाका, वर चार बोटं माती ओढा, पोतं बांधून कुलपात ठेवा. निंबोळी पेंडीत रायसिन नसतं.

मळेकरी_तासगाव
एरंडी पेंडच आहे, अर्धं पोतं शेडमध्ये उघडं. खाल्लंच तर मीठपाणी पाजून उलटी काढायची का?

कुंडीवाली_मिरज
मीठपाणी अजिबात नको. रक्तातलं सोडियम चढून झटके येतात, ते वेगळंच संकट. खाल्ल्यापासून साधारण दोन तासांत डॉक्टरांकडं पोचलात तर ते इंजेक्शननं उलटी काढतात. निघतानाच फोन करून काय खाल्लं, किती, कधी ते सांगा. पानाचा तुकडा किंवा पेंडीच्या पोत्यावरचं लेबल बरोबर घ्या. उलटी झाली असेल तर तीही पिशवीत न्या.

बागायत_विटा
आणि ते पोतं आत्ता बांधा, उत्तर नंतर लिहा.