अनुभव धागा: नागपुरातली मोठी परिषद, गेटापासून स्टेजपर्यंत कसं पोचायचं

डिसेंबर ते फेब्रुवारी हा नागपुरात परिषदांचा मोसम. निमंत्रणपत्रिकेवर खाली बारीक अक्षरांत ‘दिव्यांगांसाठी सोय आहे’ अशी एक ओळ असते. म्हणजे किती इंच, किती पायऱ्या आणि किल्ली कोणाकडे, हे त्या ओळीत नसतं. ते इथे लिहा. मापं टेपने घेतलेली हवीत. सभागृहाचं नाव नको, कोणावर राग नको. काय अडतं, का अडतं आणि काय केलं की सुटतं, एवढंच.

व्हीलचेअर वापरणारा, धरमपेठ

फोनवर ‘रॅम्प आहे का?’ असं विचारूच नका. उत्तर ‘आहे’ असंच येतं. विचारायचं ते हे: मुख्य दाराला पायऱ्या किती, एका पायरीची उंची किती, आणि रॅम्प किती फूट लांब? पुढचं गणित आपण करायचं. नियम १:१२ चा, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. सहा इंची चार पायऱ्या म्हणजे २४ इंच, म्हणून रॅम्प किमान २४ फूट हवा. पलीकडून ‘असेल आठ-दहा फूट’ असं आलं, की समजायचं तो केटररची भांडी चढवायचा उतार आहे. आठ फुटांत २४ इंच म्हणजे १:४. त्यावर पुढची चाकं हवेत उचलली जातात आणि खुर्ची मागे कलंडते. जायचंच असेल तर दोन माणसं मागे, एक पुढे. उतरताना पाठ उताराकडे करून, उलटं.

दारांचं दुसरंच दुखणं. साधी घडीची खुर्ची बाहेरून २५-२६ इंच भरते. दार कागदावर चार फुटी असतं, पण असतं दोन झडपांचं, आणि एक झडप खाली-वर बोल्ट लावून बंद. उरतात २२-२३ इंच. खालचा बोल्ट बहुतेक वेळा मातीने भरलेल्या भोकात रुतलेला असतो, तो आयत्या वेळी हाताने निघत नाही. आदल्या दिवशी कोणाला तरी पक्कड आणि थोडं तेल घेऊन पाठवा. रंग दिल्यावर तर वरचा बोल्टही चिकटतो.

मेटल डिटेक्टरची चौकट हा तिसरा अडथळा. आतली मोकळी जागा बहुतेकदा २८-३० इंच, त्यात खाली पट्टी आणि वायर. खुर्ची लोखंडाची, त्यामुळे ते वाजणारच. बाजूने जागा सोडून हातातल्या यंत्राने तपासा म्हणावं, हे पोलिसांनाही चालतं. मात्र गेटावरच्या पोराला ते आधी कोणी सांगितलेलं असावं लागतं.

बिछायत केंद्र चालवणारा, महाल

भाऊ, रॅम्प आम्ही करून देतो, पण लोकं सांगून राहिले केव्हा? ट्रक भरून निघाल्यावर. मग गोदामात उरलेली प्लाय टाकली जाते आणि तिला रॅम्प म्हणतात.

स्टेज चार फुटाचं मागतात, कारण मागच्या रांगेला दिसलं पाहिजे. चार फूट म्हणजे ४८ इंच, म्हणजे ४८ फूट रॅम्प. सरळ रेषेत तेवढी जागा कुठेच नसते. २४-२४ फुटांचे दोन फेरे आणि मधे वळायला आठ बाय पाचचा सपाट चौथरा, असं केलं तर २९ फूट लांब, आठ फूट रुंद जागेत बसतं. त्यापेक्षा आयोजकाने स्टेजच दोन फुटाचं घ्यावं. मागच्यांसाठी पडदा आहेच ना. दोन फुटाच्या स्टेजला २४ फूट रॅम्प, म्हणजे आठ बाय चारच्या बरोबर तीन शीट. कापाकापी नाही, आणि रुंदीही चार फूट आपोआप मिळते.

प्लाय १९ एमएमची, खाली दर दोन फुटांवर आडवा दांडा. १२ एमएम टाकली की झोल पडतो. बॅटरीची खुर्ची आणि माणूस मिळून दीडशे किलो भरतात, ती मधोमध गेली की प्लाय करकरते आणि वर बसलेल्याचा जीव जातो. दोन्ही कडांना दोन इंचाची पट्टी ठोका, चाक घसरून खाली जाऊ नये म्हणून. सगळ्यात जास्त विसरतात ते पायथ्याशी. प्लायची जाडी पाऊण इंच, म्हणजे रॅम्प सुरू होतो तिथेच एक छोटी पायरी उभी राहते. तिथे पत्रा वाकवून ठोकायचा, खिळ्यांची डोकी आत बसवून.

वरून कार्पेट टाकायचं तर ताणून, दर सहा इंचांवर स्टेपल. ढिलं राहिलं की उतरताना ते चाकापुढे गोळा होतं. खरं सांगायचं तर रॅम्पवर कार्पेट टाकूच नका. फोटोत लाल दिसत नाही एवढंच नुकसान.

व्हीलचेअर वापरणारा, धरमपेठ

रेलिंग राहिलं, भाऊ. कनातीचा बांबू सुतळीने बांधून त्यालाच रेलिंग म्हणतात, तो हात टेकला की फिरतो. रेलिंगचा पाय स्टेजच्या लोखंडी सांगाड्यालाच क्लॅम्पने घट्ट हवा, आणि दोन्ही बाजूंना. अर्धांगवायूमध्ये एकच हात चालतो. चढताना उजवीकडचं रेलिंग उतरताना डावीकडे येतं.

बिछायत केंद्र चालवणारा, महाल

हे पटलं. आमच्याकडे एकाच बाजूला देतात, तेही उघड्या बाजूला, कोणी पडू नये एवढ्याच हिशोबाने.

श्रवणयंत्र वापरणारी, प्रतापनगर

मार्चनंतरची परिषद असेल तर नागपुरात पहिला प्रश्न कूलरचा. मंडपात किंवा मंगल कार्यालयात भिंतीला आठ-दहा मोठे कूलर लावतात. श्रवणयंत्र वक्त्याचा आवाज मोठा करतं, तसाच पंख्याचाही करतं. पहिली रांग राखीव ठेवतात ती नेमकी कूलरच्या तोंडाशी, मानाच्या पाहुण्यांना हवा लागावी म्हणून. ऐकू कमी येणाऱ्याला तीच सगळ्यात वाईट जागा. मधल्या वाटेलगतची, दुसरी-तिसरी रांग बरी, तिथे स्पीकर समोर आणि कूलर लांब.

साउंडवाल्याला गाठा. मिक्सरवर एखादं आउटपुट रिकामं असतंच, त्यातून वायर काढून एफएम ट्रान्समीटरला दिली की रिसीव्हरमध्ये वक्त्याचा आवाज सरळ येतो, कूलर मधे येत नाही. साधं ब्लूटूथ लावून देतो म्हणाला तर नको म्हणा. आवाज क्षणभर उशिरा येतो, ओठ पुढे आणि शब्द मागे, मग ओठांवरून समजून घेणं संपतं.

मोबाइलवरचं आपोआप लिहिणारं अॅप मराठीत चालतं, पण फोन मांडीवर ठेवला तर ते कूलरच लिहितं. फोन स्पीकरच्या खोक्यापाशी ठेवून पडदा टॅबवर घेता आला तर निम्मं काम होतं. माणसांची आणि गावांची नावं तरीही चुकतात.

सांकेतिक भाषेचे दुभाषे दोन लागतात, एक नाही. साधारण वीस मिनिटांनी हात आणि डोकं दोन्ही थकतं, मग ते पाळी बदलतात. त्यांची जागा वक्त्याच्या शेजारी, मागे एकरंगी गडद पडदा. स्लाइड दाखवायला दिवे घालवतात तेव्हा दुभाष्यावरचा एक दिवा चालू ठेवायचा, हे लाइटवाल्याच्या कागदावर लिहून द्या. भाषणाच्या स्लाइड त्यांना आदल्या दिवशी मिळाल्या पाहिजेत. आणि फोटोग्राफर. तो बरोबर दुभाष्याच्या पुढ्यात उभा राहतो. जमिनीवर टेपने चौकोन आखून ‘इथे उभं राहू नये’ असं केलं तरच टळतं.

पांढरी काठी वापरणारा, इतवारी

कार्यक्रमपत्रिका पाठवतात ती पीडीएफ, आणि ती बहुतेकदा छापखान्यातून आलेली, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉण्टमध्ये. डोळ्यांना मराठी दिसते, स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वाचतो ते अगम्य काहीतरी. आयोजकासाठी तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करा, व्हॉट्सअॅपमध्ये पेस्ट करा. मराठीच आली तर युनिकोड आहे, पाठवा. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा आला, किंवा ओळ निवडताच आली नाही, तर पत्रिका साध्या मजकुरात टाइप करून मेसेजमध्ये पाठवा. त्याला डिझाइन लागत नाही.

काठीला जमिनीवरचं कळतं, कमरेच्या वरचं कळत नाही. मंडपाचे तणावे, स्टँडवर ठेवलेल्या कूलरचा पुढे आलेला कोपरा, भिंतीवरचं अग्निशामक, जिन्याखालची तिरपी बाजू, हे सगळं सरळ छातीला नाहीतर कपाळाला. तणाव्याच्या खाली जमिनीवर कुंडी किंवा खुर्ची ठेवली तर काठी आधी तिला लागते. स्वस्त उपाय, आणि डोळस माणसंही मग दोरीत अडकत नाहीत. फ्लेक्सच्या उभ्या फलकांचे पाय वाटेत येतात, ते भिंतीला टेकवून ठेवावेत.

वाट सांगताना ‘तिकडे’, ‘समोरच’ हे शब्द नकोत. ‘दारातून आत, उजवीकडे वळून साधारण वीस पावलं, फरशी संपून कार्पेट लागेल, तिथून डावीकडे’ असं सांगा. कार्पेट सुरू होणं, चहाच्या काउंटरचा वास, जनरेटरचा आवाज या खुणा चालतात. खुर्च्यांच्या रांगा ही खूण नाही, जेवणानंतर त्या हललेल्या असतात. सोबत करायची तर दंड पकडून ढकलू नका, आपलं कोपर द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला. पायरी आली की ‘वर’ की ‘खाली’ तेवढं म्हणा.

सकाळी आठला, गर्दीच्या आधी, एकदा आवार चालून घेणं सगळ्यात उपयोगाचं. त्या वेळी गेट उघडून आत घेईल असा एक माणूस ठरवून ठेवा.

परिषदेची वाहतूक बघणारा, सीताबर्डी

मेट्रो चांगली आहे. स्टेशनांवर लिफ्ट, फलाटावर उठावदार पिवळी पट्टी, डब्यात खुर्चीसाठी जागा. ऑरेंज लाइन खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक, अॅक्वा लाइन लोकमान्य नगर ते प्रजापती नगर, बदलायचं ते सीताबर्डीला. तिथे दोन्ही गाड्यांचे फलाट वेगवेगळ्या मजल्यांवर आहेत, लिफ्टसाठी दहा मिनिटं धरा. बाहेरगावच्या पाहुण्यांना एक सांगायलाच हवं: ‘एअरपोर्ट’ नावाचं स्टेशन वर्धा रोडवर आहे, टर्मिनलच्या दारात नाही. मधला तुकडा गाडीनेच करावा लागतो. रेल्वेने येणाऱ्यांना नागपूर स्टेशनच्या कोणत्या बाजूला उतरवून घेणार ते आधी कळवा. मुख्य दार पश्चिमेला, संत्रा मार्केटचं पूर्वेला. चुकीच्या बाजूला बाहेर पडलं तर पुन्हा पूल ओलांडून यायचं.

अडचण शेवटच्या दोनशे मीटरची. मेट्रोच्या गेटापाशी पिवळी पट्टी संपते, पुढे फुटपाथ दर घरासमोर चढतो-उतरतो, त्यावर पानठेला, आणि दुचाकी चढू नयेत म्हणून ठोकलेले खांब, त्यातून दुचाकी जाते पण खुर्ची जात नाही. म्हणून मेट्रो स्टेशन ते सभागृह अशी एक गाडी फिरती ठेवा. ई-रिक्षाची पायरी साधारण फूटभर उंच आणि बसायची जागा आडवी, गुडघे न वाकणाऱ्याला ती चालत नाही. साधी व्हॅन बरी, सोबत पाय ठेवायला नऊ इंची लाकडी पाट.

तारीख ठरवताना हिवाळी अधिवेशन बघा. त्या दिवसांत यशवंत स्टेडियमकडून मोर्चे निघतात, सिव्हिल लाइन्सच्या बाजूला बॅरिकेड लागतात, आणि गाडी अर्धा किलोमीटर अलीकडेच थांबते. परिषद त्याच आठवड्यात असेल तर गाडीचे नंबर देऊन वाहतूक पोलिसांकडे आधी अर्ज करा. पोर्चपर्यंत येणाऱ्या गाड्यांची यादी गेटावरच्या माणसाच्या हातात छापील हवी. त्याच्या मोबाइलमध्ये असेल तर बॅटरी संपते किंवा माणूस जेवायला जातो.

कुबडी वापरणारी, सक्करदरा

स्वच्छतागृहाबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी लिहिते. दारावर खुर्चीचं चित्र असतं आणि आत फिनेलचे कॅन, झाडू, मागच्या कार्यक्रमाचे फलक. आयोजकांना सांगा, दार सताड उघडून आतला फोटो पाठवा. बंद दाराचा फोटो घेऊ नका.

फोटोत बघायचं ते असं. दार बाहेर उघडतं का? आत उघडत असेल तर खुर्ची आत गेल्यावर ते लागतच नाही. आत पाच फुटांचं वर्तुळ मोकळं आहे का? कमोडच्या एका बाजूला तीन फूट जागा आहे का? आडवी दांडी आहे का, आणि ती भिंतीत रोवलेली आहे की टाइलवर स्क्रूने चिकटवलेली? टॉवेलच्या दांडीवर कोणी भार टाकू नये. कमोडची बैठक १८ इंचांच्या आसपास हवी. त्याहून खाली असली तर उठताना गुडघे साथ देत नाहीत.

जमीन कोरडी हवी. जेट स्प्रेने सगळीकडे पाणी होतं, सफाईवाले त्यावर फिनेल ओततात आणि ओलंच सोडतात. कुबडीचं रबर ओल्या टाइलवर सरकतं, घासून गुळगुळीत झालेलं तर नक्कीच. रबर तळाला उलटून बघा, गोल खाचा दिसत नसतील तर निघण्याआधी बदला, एक जोडी पिशवीत जादा ठेवा. आयोजकांनी कोरडा पोछा दारातच ठेवावा.

फिजिओथेरपिस्ट, रामदासपेठ

एप्रिल-मे मध्ये कार्यक्रम ठेवत असाल तर एवढं वाचा. मणक्याला मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात दुखापत झालेल्यांना त्या जागेखाली घाम नीट येत नाही. ४४-४५ अंशांत अंग तापत जातं आणि बाहेरून दिसत नाही. पाण्याची फवाऱ्याची बाटली आणि ओला दुपट्टा मानेवर, हे उपयोगाचं. नुसतं पाणी पिऊन भागत नाही. रिकामी व्हीलचेअर उन्हात उभी करू नका. रेक्झिनची सीट आणि लोखंडी दांडे तापतात, आणि ज्या कातडीला संवेदना नाही ती भाजली तरी कळत नाही. बसवण्याआधी आपला तळहात सीटवर टेकून बघा. सत्र दोन तास चालणार असेल तर खुर्चीवरच्यांना दर अर्ध्या तासाने भार हलवायला जागा लागते, म्हणून रांगेच्या टोकाला चार फूट मोकळं सोडा. प्लॅस्टिकच्या खुर्च्या तिथे ‘तात्पुरत्या’ ठेवू नका.

कुबडी वापरणारी, सक्करदरा

जेवणाचं राहिलं. बुफेत एका हातात कुबडी, दुसऱ्या हातात ताट, वाढून कोण घेणार? काउंटरशेजारी अडीच फूट उंचीची दोन टेबलं, हात असलेल्या खुर्च्या, आणि वाढायला एक पोरगा. रस्सा तर्रीवाला असेल तर वाटी ताटात नको, वेगळी टेबलावर आणून द्या. स्वच्छतागृहाला कुलूप लावणारच असाल, तर किल्ली रखवालदाराच्या खिशात न ठेवता दाराशेजारी खिळ्यावर टांगा, बसल्या हाताला येईल अशा उंचीवर.