शब्दचर्चा: 'फ्यूजन'ला जुगलबंदी म्हणावं का?

हरकतवाला: लॉस एंजेलिसच्या 'हिरोशिमा' या फ्यूजन बँडवर लिहितोय. 'जपानी आणि अमेरिकन संगीताची जुगलबंदी' असं लिहून गेलो आणि तिथंच अडलो. जुगलबंदी बसते का इथे? की मिलाफ? संकर?

कानसेन: जुगलबंदी नकोच. तिला दोन गडी लागतात, आपापली तालीम घेऊन शेजारी बसलेले. इथे ते दोघं कोण? 1974 मध्ये बँड काढणारे डॅन कुरामोटो स्वतः 'सान्सेई'. सान म्हणजे तीन, सेई म्हणजे पिढी; थोडक्यात, अमेरिकेत गेलेल्या जपान्यांची नातवंडं. कोटो हे जपानी तंतुवाद्य वाजवणाऱ्या जून कुरामोटो जन्मल्या जपानात, वाढल्या लॉस एंजेलिसमध्ये. यांना कोटोही घरचा आणि सोल, आर अँड बी हे अमेरिकन संगीतसुद्धा घरचंच. 'संकर' बियाण्यांपुरता ठीक आहे, माणसांच्या संगीताला लावला की वर्णसंकराचा वास येतो.

आणखी एक. 'जॅझ फ्यूजन' हा मुळात जॅझ आणि रॉकच्या मिश्रणाला, 1970च्या आसपास रुळलेला शब्द. त्यात 'देशी अधिक विदेशी' हा अर्थ गृहीत नाही. आपल्याकडे 'शक्ती' या बँडमुळे, म्हणजे गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन आणि तबलावादक झाकीर हुसेन यांच्यामुळे, तो कानात बसला असावा.

शंकासुर: विज्ञानाच्या पुस्तकात फ्यूजनला 'संमीलन' आहे की!

कानसेन: आहे, आणि त्यात एक विचित्र योग आहे. 6 ऑगस्ट 1945 ला हिरोशिमावर पडला तो युरेनियमचा बाँब, विखंडनाचा, म्हणजे अणुकेंद्रं जोडण्याचा नव्हे, फोडण्याचा. त्या शहराचं नाव घेतलेले हे लोक वाजवतात संमीलन! पण लेखात 'संमीलन संगीत' छापलंत तर निम्मे वाचक स्नेहसंमेलनाला आल्यासारखे बसतील.

हरकतवाला: मग 'फ्यूजन'च ठेवू?

कानसेन: ठेवा की. 'मिलाफ' चुकीचा नाही, पण तो सत्काराच्या भाषणांत वापरून गुळगुळीत झालाय. मराठीचा आग्रह वाद्यापाशी धरा, तिथे आपल्याकडे नेमके शब्द आहेत. कोटोला तेरा तारा, प्रत्येक तारेखाली वेगळी, सरकवता येणारी घोडी, म्हणजे तार उचलून धरणारा तुकडा. उजव्या हाताच्या अंगठ्यात, तर्जनीत आणि मधल्या बोटात जे चढवतात त्याला जपानीत म्हणतात 'त्सुमे', शब्दशः नख. म्हणजे आपली सतारीची नखीच! घोडीच्या डावीकडे तार दाबली की स्वर वर चढतो. त्याला मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, म्हटलं तर सतारिये तार ओढण्यावरून भांडतील, पण वाचकाला कळेल. 1985 ची त्यांची 'वन विश' ही धून ऐका, सिंथेसायझरच्या गादीवर तो चढवलेला स्वर कसा येतो ते.

आणि हो, 'ताइको ढोल' लिहू नका. जपानीत ताइको म्हणजेच ढोल.

हरकतवाला: लिहिलं होतं, दोनदा. खोडलं. 'जुगलबंदी'ही खोडली, 'नखी' घेतली.

शंकासुर: पण सान्सेईला 'तिसरी पिढी' का नको?

कानसेन: कुणाची तिसरी, ते दर वेळी सांगत बसावं लागेल.