घेराचे पुढचे-मागचे तुकडे दोन छटांचे झालेत, वाचवता येतील का?

टाचणी:
तीन रंगांचा ड्रेस शिवायला घेतलाय. वर पांढरा योक (खांद्या-छातीवरचा भाग), मध्ये विटकरी पट्टा, खाली गडद निळा घेर. कापड एकच, पांढरं सुती पॉपलिन. रंग थंड पाण्यातला, रिअॅक्टिव्ह, म्हणजे धाग्याशी रासायनिक जोड होणारा. विटकरी झक्क आला. निळ्याने मात्र घात केला.

बादली लहान म्हणून घेराचा पुढचा तुकडा रात्री रंगवला. पाणी चांगलं गडद दिसत होतं, फेकवेना. मागचा तुकडा दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पाण्यात टाकला. ओला असताना दोन्ही सारखे वाटले. वाळल्यावर पुढचा शाईसारखा आणि मागचा दहा वर्षं वापरलेल्या जीन्ससारखा!

दुसरी भानगड. शिवायच्या आधी निळी आणि पांढरी चिंधी जोडून धुऊन पाहिली, तर पांढरी आभाळी झाली. म्हणजे योकचं काय होणार ते कळलंच. मीठ घालून उकळलं तर रंग पक्का होईल का?

उलटी शिवण:
मिठाने काही होणार नाही. या रंगात मिठाचं काम एवढंच, की पाण्यातला रंग कापडाकडे ढकलायचा. धाग्याशी पक्की गाठ बांधतो तो धुण्याचा सोडा. पण सोडा पडला की रंग कापडाशी जुळतो तसा पाण्याशीही जुळतो, आणि पाण्याशी जुळलेला रंग कायमचा वाया. काही तासांत त्या बादलीत जीव राहत नाही. सकाळी तुम्हाला गडद दिसलं ते मेलेलं पाणी होतं. मीही पहिल्यांदा असंच एक बादलीभर पाणी आठवडाभर जपून ठेवलं होतं, झाकण लावून. हसू नका.

आता आधी धुणं. पांढऱ्यावर उतरतोय तो हाच न जुळलेला रंग, तो घालवायलाच हवा. सुरुवात गार पाण्याने, मीठ-सोडा निघेपर्यंत. मग एकदम कडकडीत गरम पाणी, हात घालवणार नाही इतकं. त्यात तुकडे बुडवून तासभर, जमल्यास रात्रभर ठेवा, पाणी बदला, पुन्हा. लोक गार पाण्यातच दहा वेळा खळबळतात आणि रंग जातो म्हणून रंगाला शिव्या घालतात. झालं की नाही हे बघायला ओला तुकडा पांढऱ्या फडक्यांच्या मध्ये घालून गरम इस्त्री दाबा. फडकं कोरं राहिलं की शिवा.

मग दोन्ही तुकडे एकत्र नव्या पाण्यात, आधीपेक्षा गडद. फरक शंभर टक्के जाईलच असं नाही, पण गडद रंगात तो डोळ्याला कमी दिसतो. कोरड्या कापडाचं वजन करा. ४०० ग्रॅम असेल तर गडद निळ्याला १६ ग्रॅम रंग, म्हणजे ४ टक्के. पाणी वजनाच्या वीसपट, ८ लिटर. बादली मोठीच हवी, कापड सुटं फिरलं पाहिजे. कोंबलं की चट्टे. सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून, कापड बाजूला सारून ओता, थेट अंगावर नको. पावडर कालवताना तोंडाला मास्क लावा.

राणी कलर:
मी असते तर पुन्हा रंगवलंच नसतं. पुढचा गडद, मागचा फिका, शिवण नेमकी कडेला येतेय. तीन रंगांचा ड्रेस चार रंगांचा झाला, बिघडलं काय? फक्त ते धुण्याचं मनावर घ्या, नाहीतर योक गेला.

टाचणी:
राणी, मोह झाला होता, पण फिका तुकडा ढगाळही आहे. चुकून झालंय हे लगेच कळतं.

उलटी शिवण, माझा सोडा खड्यांचा आहे, पावडर नाही. चालेल? आणि विटकरी पट्ट्याला रंगवायच्या आधीच खिसा जोडला होता, त्याची टीप पांढरीच राहिलीय!

उलटी शिवण:
चालेल, पण खड्यांत निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच असतं. कोरडी पावडर १२० ग्रॅम लागत असेल तर खडे साधारण ३२० ग्रॅम घ्या. खायचा सोडा मात्र नको, तो सौम्य पडतो.

टीप पांढरी राहिली म्हणजे दोरा पॉलिस्टरचा. तो हा रंग घेतच नाही. खात्री करायची तर एक तुकडा जाळून बघा. सुती दोऱ्याची राख होते, पॉलिस्टरचा वितळून कडक मणी होतो.

टाचणी:
मणी झाला.

आजची बातमी: चौथ्या गरम पाण्यानंतर फडकं कोरं. मग दोन्ही तुकडे टबात एकत्र, तासभर हाताने फिरवत. वाळल्यावर उन्हात धरून पाहिले तर मागचा किंचित फिका आहे, पण घरात कुणाला ओळखता आलं नाही. गरम पाण्याने घेर दोन्हीकडून बोटभर आटलाय मात्र, बेतून झाल्यावर रंगवल्याची शिक्षा. योकची माया (शिवणीत ठेवलेलं जादा कापड) सोडून तेवढं भरून काढतेय. खिशाची पांढरी टीप उसवत नाही, उलट गळ्यालाही तशीच घालतेय.