'द डिसायपल' पळवून बघण्याबद्दल

'दीडपट वेगानं बघितला तरी काही बिघडत नाही' असं 'द डिसायपल' या शास्त्रीय गाणं शिकणाऱ्यावरच्या सिनेमाबद्दल इथं एकानं लिहिलंय, ते नाही पटलं. विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतलं गाणं, कुणी पळवून ऐकतं का? कंटाळा येतो हे मात्र कबूल. फोंड्याला आमच्या घरी मध्यंतरापर्यंतच दोघे घोरायला लागले होते.

एक गोष्ट इथं कुणी काढली नाही. त्यात गुरुजींचं काम करणारे अरुण द्रविड प्रत्यक्षात गायिका मोगूबाई कुर्डीकरांकडे शिकलेले. मोगूबाईंचं गोव्यातलं गाव कुर्डी, ते साळावली धरणाखाली गेलं. मे महिन्यात पाणी उतरलं की गावाच्या खुणा वर येतात. तिथं जाऊन आल्यावर सिनेमा परत लावला. रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर मोटरसायकलवरून माईंचं, म्हणजे गुरुजींच्या गुरूंचं, ध्वनिमुद्रित बोलणं ऐकत जाणारा सिनेमाचा नायक शरद तेव्हा कुठे भिडला. (माईंचा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावेंचा.)