मदत हवी आहे : मेंढ्याची फेक-बी चाचणी कुठे होईल?

नमस्कार मंडळी. आमचा दख्खनी मेंढ्यांचा छोटा कळप आहे. सुंदरबनातल्या गारोळ मेंढीतलं, एका वेळी जास्त कोकरं होण्याला कारण असलेलं फेक-बी (FecB) जनुक दख्खनीत आणून फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 'नारी सुवर्णा' तयार केली. या मेंढ्या पुष्कळदा जुळी देतात, आणि आमच्यासारख्यांना हे फार मोलाचं काम वाटतं. आम्ही आता आणलेल्या या जातीच्या नरात जनुकाच्या दोन प्रती आहेत की एकच, हे कळायला हवं. दोन असतील तर प्रत्येक कोकरात एक उतरणारच; एकच असेल तर साधारण निम्म्यांत. नुसतं बघून हे ओळखता येत नाही. डीएनए चाचणीसाठी रक्ताचा नमुना कुठे पाठवावा, कोणत्या नळीत? जुळ्यांना दूध पुरावं म्हणून मेंढीला काय खुराक देता, तेही कृपया सांगा.